जंतूंसाठी स्वच्छ घर

२ मार्च
मुलगी कामानिमित्त महिनाभर परगावी. तिचा मासा काचेच्या टाकीसकट माझ्या ताब्यात. सहा वर्षं जिवापाड जपलाय. जाताना म्हणाली, बाबा, खायला घाला, बाकी कशाला हात लावू नका. हसू आलं. कॉलेजची पायरी न चढता ज्याने घरातला मिक्सर, पंप आणि स्वतःचा गुडघा दुरुस्त केला, त्याला हे सांगायचं.

३ मार्च
नायट्रोजनचक्र वाचायला घेतलं. जेवणाआधी संपलं. मासा घाण करतो, तिचा अमोनिया होतो. एका जातीचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जंतू त्याचं नायट्रेट करतात, ते वनस्पती खातात. नदी, शेत, जंगल, सगळं याच कारखान्यावर चालतं. बायकोला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे एकाने पसारा करायचा आणि दुसऱ्याने निस्तरायचा. हे मला लग्नापासून पाठ आहे.
विषय गंभीर होता.

५ मार्च
फिल्टर उघडला. स्पंजवर तपकिरी, बुळबुळीत थर. शिसारी आली. असल्या उकिरड्यात कोणता जंतू संसार थाटेल? नळाखाली धुतला, मग गरम पाण्यात, कोपरे टूथब्रशने. तळाचे खडे कुकरमध्ये उकळले. कुकरवरून कटकट झाली. विज्ञानाला घरातून पाठिंबा मिळत नाही, हे जुनंच आहे.

८ मार्च
पाणी दुधाळ. मासा सारखा वर येऊन तोंड उघडतोय. बहुधा मला ओळखायला लागला.

१० मार्च
अमोनिया तपासायचं किट आणलं. रंग गडद हिरवा, म्हणजे धोका. किट सदोष.
तरी दुकानातून टाकीत सोडायच्या चांगल्या जंतूंची बाटली आणली. नव्या पाहुण्यांना घर स्वच्छ हवं, म्हणून स्पंज पुन्हा धुतला. या खेपेला थोडं जंतुनाशक घालून. ते वाईट जंतूंसाठी. जो सरळ वागतो त्याला कसली भीती?

११ मार्च
मासा तळाशी आडवा. विश्रांती घेतोय.
संध्याकाळी. बायकोने परस्पर मुलीला फोन केला. घरात फितुरी. मुलगी रजा टाकून निघालीये.

१२ मार्च
मुलगी आली. चप्पलसुद्धा काढली नाही. मासा बादलीत घेतला. मैत्रिणीकडे टाकी आहे म्हणे, तिथला स्पंज वर्षभर नळाखाली धुतलेला नाही. मी तिला नायट्रोजनचक्र पहिल्यापासून समजावलं. तिने पूर्ण ऐकलं, हेही नोंदवतो. मग हळू आवाजात म्हणाली, बाबा, तो तपकिरी थर म्हणजेच ते जंतू होते.
मी म्हटलं, पुस्तकात रंग दिला नव्हता.
ती बादली धरून जिना उतरली. मी धरतो म्हटलं, तर नको म्हणाली.

१६ मार्च
मासा वाचला. आता त्या मैत्रिणीकडेच राहणार. मुलगी फोनवर म्हणाली, जाऊ दे बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अगदी आईच्या सुरात.
टाकी इथेच आहे. पाणी काढून टाकलं. काच अशी लख्ख की आहे की नाही कळू नये. आज बायकोने टाकीत कांदे भरायला घेतले. मी विरोध केला नाही. आधी धुऊन घे, एवढंच म्हटलं.