समद्या गल्लीचं करम

माय,

परवा बरकतपुऱ्यात लग्नाला गेले होते. आपल्या वरच्या मजल्यावरच्या तेलुगू काकूंच्या मुलीचं लग्न. जिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, तिचं. घरी आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

ती चार वर्षांची होती आणि मी दहा, तेव्हाची एक सकाळ मला अजून दिसते. नळावर बायकांची रांग आहे. छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला निघायच्या आधी तू पाणी भरतेयस. काकू पोरीला कडेवर घेऊन येतात, तशी मागून एक शेजारीण म्हणते, "क्या करते अम्मा, पिछले जनम का करम है बच्ची का." काकू मान खाली घालतात. तू भरलेली घागर जमिनीवर ठेवतेस. "मागल्या जन्माचं मला दिसत नाही बाई. ह्या जन्माचं दिसतंय. चार साल झाले, गल्लीत एक तरी माणूस ह्या लेकराशी बोलला का? मी बी नाही बोलले. हे करम तिचं नाही. समद्या गल्लीचं हाये." शेजारीण फणकारते, "बहरी से क्या बात करना?" तू म्हणतेस, "तेच शिकू की!"

आणि खरंच शिकलीस. पोरगी बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायला लागली तशी तिच्या बाईंकडून खुणा शिकून यायचीस आणि रविवारी पायरीवर बसून सगळ्यांना शिकवायचीस. खळ लावून लावून तुझी बोटं ताठ झालेली, म्हणून खुणा वाकड्या व्हायच्या. मग ती पोरगीच तुझी बोटं धरून सरळ करायची आणि खदखदून हसायची. पहिल्या रविवारी आपण तिघीचौघी होतो. नळावरची ती शेजारीण महिनाभरानं आली, "मेरे कू भी सिखाओ" म्हणत, जरा ओशाळून. पुढच्या उन्हाळ्यात गोट्यांवरून पोरं तिच्याशी हातांनी कचाकचा भांडली, तेव्हा काकू घाबरल्या. तू मात्र खूश. "आता झाली ती गल्लीची," म्हणालीस.

परवा हे सगळे आले होते, माय. कुणी नारायणगुड्याहून, कुणी पार शहराबाहेरून. नवऱ्या मुलालाही ऐकू येत नाही. तेलुगू रीतीनं दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवलं आणि आपल्या अख्ख्या गल्लीनं हात वर करून बोटं हलवली. ऐकू न येणाऱ्यांत टाळ्या अशाच वाजवतात. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या किराणावाल्याला एकच खूण आठवत होती, गुळाची. तो तीच पुन्हा पुन्हा करत राहिला. नवरी इतकी हसली की बाशिंग सरकलं.

जेवणानंतर तिच्या शेजारी बसले आणि धीर करून हातांनी तिला सांगितलं, की माय, तू नळावर बोललीस त्याच्या आदल्याच दिवशी मी पोरांना हसवायला तिच्या आवाजाची नक्कल केली होती, तिच्या पाठीमागे. तर ती डोळे बारीक करून, ओठ पुढे काढून, माझी नक्कल करायला लागली, मी खुणा विसरते तेव्हा दिसते तशी. हुबेहूब. मांडवातले सगळे हसले, मीही.

तिला सांगून झालं. तू होतीस तोवर तुला सांगायचं मात्र मला कधी धाडस झालं नाही.