केतनच्या सात कुप्या

३ फेब्रुवारी २०२५
मुलुंडच्या लॅबमध्ये आज रुजू झाले. झकास जागा आहे, फक्त एसी एवढा की स्वेटर न्यावा लागणार. इथे रक्तातल्या पेशींपासून मेंदूचे बारीक गोळे वाढवतात, मिरीच्या दाण्याएवढे. जन्मतःच डोकं लहान राहिलेल्या मुलांचा मेंदू कुठे अडतो, ते त्यात बघायचं. गंधाली मॅडम प्रमुख आहेत. कडक, पण नीट समजावतात. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझा भाऊ केतन तसाच आहे, नऊ वर्षांचा असून धड बसताही येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, त्याचं रक्त चालेल. आईने सही केली.

१६ जून
केतनचे गोळे वाढले. सात कुप्यांत एकेक, सदतीस अंशांच्या उबेत. कुप्यांवर नाव घालायचं नाही, नुसता नंबर, असा इथला नियम. कुणाला माया लागू नये म्हणून. मी मात्र प्रत्येकीला केतनच म्हणते. दिवसाआड दुपारी तीनला त्यांचं पोषक पाणी बदलते. आई सांगते, हल्ली केतन दिवसाआड तीनला हसतो. योगायोग असेल, पण फार बरं वाटलं.

२७ जून, शुक्रवार
मॅडमनी एक गोळा कापून काचेवर घेतला. आता दर शुक्रवारी एक. घरी आले तर केतनचा डावा हात लुळा. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांना होतं असं.

४ जुलै
दुसरा कापला, सव्वाअकराला. आईचा फोन आला, सव्वाअकरालाच केतनचे डोळे गेले. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातमोजे काढून ठेवले.
मग म्हणाल्या, "संघमित्रा, तू दमलीयस. रजा घे."

१० जुलै
पाच उरल्या. उद्या तिसरा. मी कापू देणार नाही.

११ जुलै, दुपार
सकाळीच कुप्या उचलून आणल्या. टॉवेलात गुंडाळून. लॅबबाहेर त्या गार पडणार — रोज तापमान मीच लिहायचे, आणि मलाच सुचलं नाही.

चार गढूळ झाल्या. केतनचं अंग गार, ओठ निळे. पाचवी काखेत दाबून धरलीय — एका हाताने लिहितेय, कुणाला तरी कळावं —

आई म्हणते, "याला उचलून घे गं, मी रिक्षा थांबवते."

त्याला उचलायला दोन्ही हात लागतात. कुपी सोडली तर —