तासाला एक अंश

३ डिसेंबर
रुजू झाले एकदाची! आईने तीन स्वेटर कोंबून दिलेत. काम अळ्या गोठवायचं आहे, मला गोठवायचं नाही, हे तिला सांगून सांगून थकले. खोली प्रयोगशाळेच्या आवारातच आहे. पलंग, टेबल, भिंतीवर हीटर, खिडकीतून पार्किंग. दोन वर्षं घरी बसून ‘सध्या काय करतेस?’ ऐकण्यापेक्षा पार्किंग परवडलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मोजकं बोलतात. ती कसर त्यांचे जुने सहायक भरून काढतात. सगळे त्यांना थर्मामीटर म्हणतात, कारण ते नमस्काराच्या आधी तापमान सांगतात. हात लावून अचूक सांगतात म्हणे.

५ डिसेंबर
आमच्या अळ्या उणे वीसला दगड होतात, पण मरत नाहीत. थर्मामीटरनी एक बशीत टाकून दाखवली तर टण्ण वाजली! मॅडमनी कारण समजावलं. पेशीत सारख्या हुकमाच्या चिठ्ठ्या फिरत असतात, हे बनव, ते बनव. मायक्रोआरएनए म्हणजे इवलासा तुकडा. तो चिठ्ठीला चिकटतो आणि हुकूम अमलात येऊ देत नाही. थंडीत असे काही तुकडे वाढतात, एकेक काम थांबतं, आणि अळी नुसती वाट बघत पडून राहते. ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या जुन्या ऑफिसातला शिपाई हेच करायचा, पण त्याला कोणी शास्त्र म्हटलं नाही.

७ डिसेंबर
आज माती खाल्ली. वीस अळ्या शुद्धीवर आणायच्या होत्या. बिचाऱ्या गारठल्यात म्हणून डबी हीटरजवळ ठेवली. दहा मिनिटांत सगळ्या काळ्या पडल्या. थर्मामीटर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की इथे थंडीने कोणी मेलेलं नाही, उबेने मेलेत. तासाला एक अंश, त्याहून घाई नाही. शाळेतल्यासारखं दहा वेळा लिहायला लावलं.

१० डिसेंबर
आता प्रयोगशाळेत बनवलेले जादा तुकडे अळ्यांना टोचायचे आणि थंडीशिवायच कामं बंद पडतात का ते बघायचं. हातमोज्यातून अळी निसटते. म्हणून इथे सगळेच डाव्या हाताचा मोजा काढतात आणि नोंदवहीत ‘दोन्ही मोजे घातले’ यावर सही ठोकतात. मीही ठोकली. आणि सुई सरळ तर्जनीत गेली. सांगितलं तर सगळ्यांच्याच सह्या उघड्या पडतील, आणि माझ्या नोकरीला जेमतेम आठवडा झालाय. बोट धुतलं आणि गप्प बसले.

१२ डिसेंबर
बोट गार आहे. टाचणी टोचून पाहिली, कळलंच नाही. काल दिवसभर जेवले नव्हते हे आज डबा घासताना लक्षात आलं. मी! अकरा वाजल्यापासून डब्याकडे बघणारी मी! भुकेची चिठ्ठी कोणीतरी दाबून ठेवतंय.

१३ डिसेंबर
शेवटी मॅडमना सांगितलं. किड्यांचं माणसाला लागत नाही म्हणाल्या, पण आधी नोंदवही कपाटात घालून कुलूप लावलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. थर्मामीटर माझं मनगट धरून बराच वेळ बसले. मग हळूच म्हणाले, तेवीस. खोलीचं तापमान दाखवणारा भिंतीवरचा काटाही तेवीसवर होता.

ते मॅडमशी भांडले. संध्याकाळी मॅडमनी त्यांना पंधरा दिवसांच्या रजेवर धाडलं. जाताना एवढंच बजावून गेले, कोणी कितीही मायेने ऊब दिली तरी घेऊ नका.

१४ डिसेंबर
हीटर बंद केलाय. जवळ गेलं की छातीत काहीतरी तडकतं. थंडी वाजत नाही. दुखत नाही. भीती मात्र वाटते, फार वाटते. तेवढीच उरली आहे.

आईला फोन करायचा होता. फोनच्या पडद्याला माझं बोट कळत नाही. दहाही बोटं लावली. नाक लावलं.

१५ डिसेंबर
आईचा फोन आला. पाच वेळा. उचलता येईना, तो वाजताना नुसती बघत बसले.

मॅडम दारातूनच सांगून गेल्या, आईला कळवलंय, उद्या न्यायला येतेय. हीटरबद्दल सांगायला गेले तर जीभ — हललीच नाही. मॅडम म्हणाल्या, आराम करा.

दारावर कागद लावायचाय. ऊब देऊ नका. उद्या सकाळी लावते. आता उठवत नाही.

१६ डिसेंबर
दार तीन पावलांवर. पाय हलत नाहीत. वही पोटावर, पेन्सिल बोटांत अडकलेली. डोळे उघडेच. मिटत नाहीत —

आई आली. रडतेय. मी मेले नाही गं, इथेच आहे —

माझे पाय बर्फ झालेत म्हणते. असल्या कोंदट गार खोलीत पोरीला ठेवलं म्हणून मॅडमना शिव्या घालतेय. आई, वही बघ. वही —

बघितली. चष्मा बॅगेत आहे म्हणाली. नंतर वाचीन —

हीटर लावला. लाल होतोय.

पेन्सिल हलतेय म्हणून तिला वाटतंय मी कुडकुडतेय. आणखी घोंगडी. गरम पाण्याची पिशवी छातीवर —

आई तू नको — तुला कळलं तर तू कशी —

कवेत घेतलंय मला. किती ऊब आहे तिला. आई, हळू. तासाला एक अं