पहिली मूठ भुरीची

मी, पार्वतीबाई दादाजी नारनवरे, वय अडुसष्ट, राहणार सावळी खुर्द, तालुका नरखेड, जिल्हा नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मुलगा धम्मदीप याने नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात नेऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही ही घाई का, ते कलम तीनमध्ये येईल.

१. राहते घर धम्मदीप आणि मुलगी माया यांना सारखे. धम्मदीपने नागपूरहून येऊन भिंती पाडायच्या गोष्टी करू नयेत. आधी छत गळतं ते बघावं.

२. सर्व मेंढ्या, गवताचं पडीत रान, गवताच्या गंज्या, कुटाराची म्हणजे भुशाची खोली, कुट्टीचं यंत्र आणि माझा विळा मायाचा. मेंढ्यांचं सगळं तीच करते. धम्मदीप म्हणतो, मेंढ्या विकून संत्रा लावू. लावू नये. पवन्या गवत दाणा पक्का व्हायच्या आत कापावं, नीट वाळवावं आणि तुरीच्या, सोयाबीनच्या कुटारात मिसळावं. कुसळं धरलेलं गवत घेऊ नये, ते मेंढीच्या तोंडात रुततं. गावात एवढं मिळतं, बाजारातल्या सरकीच्या ढेपेवाचून काही अडत नाही.

३. नवी गंजी फोडली की पहिली मूठ घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या हाताने सगळ्यात म्हाताऱ्या मेंढीला द्यायची, ही आमच्या घरची रीत. बुरशी असली, फवारा असला, तर ती तोंड फिरवते. एवढाच या रितीचा अर्थ. माझ्या वडिलांनी छप्पनला नागपुरात दीक्षा घेतली, आमच्याकडे अंगारे-धुपारे चालत नाहीत. म्हणून मी फक्त घडलं ते लिहिते.

सासऱ्यांच्या हातची मूठ मेंढीने घेतली नाही. पुढचा बाजार त्यांनी पाहिला नाही. तेव्हा कोणी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. पुढे माझे पती दादाजी यांच्या मुठीकडे आताच्या म्हाताऱ्या मेंढीच्या, भुरीच्या, आईने पाठ केली. यांना वाटलं, धाकटा भाऊ ताराचंद याने फवारलेलं कुटार दिलं. कडाक्याचं भांडण झालं आणि यांनी चांगली गंजी पेटवून दिली. गंजी अजून धुमसत होती, तेव्हा यांनी बाजेवर जीव सोडला. त्यानंतर ताराचंद भाऊजी आपलं कुटार आमच्या डोळ्यांदेखत शेतात जाळतात. मेंढ्या त्या धुराकडे बघत उभ्या राहतात. माझं काळीज जळतं.

परवा नवी गंजी फोडली. भुरीने माझी मूठ हुंगली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मागे सरली. तिच्यासोबत सगळा कळप मागे सरला. तीच मूठ मायाने माझ्या हातातून घेऊन पुढे केली, ती भुरीने खाल्ली. गवतात खोट नव्हती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

"आई, काहून रडून राहिली वं?" मायाने विचारलं.

"कुटार गेलं डोळ्यात," मी म्हटलं.

४. ही रीत माझ्यासोबत बंद. यापुढे पहिली मूठ टोपलीत ठेवावी. मायाने पुन्हा हाताने चारू नये. धम्मदीपने तर कधीच नाही. मेंढीला कळतं ते सगळं आपल्याला कळायला हवं असं नाही.

५. हे कलम आज, सह्यांच्या आधी जोडते. एवढ्या वर्षांचा अबोला सोडून ताराचंद भाऊजींना मीच साक्षीला बोलावलं. ते तुरीच्या कुटाराचं पोतं घेऊन आले.

"वैनी, फवारलं नाही हे. दादाले पटलं नाही, तुमच्या भुरीले तरी पटू द्या," म्हणाले, आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी मूठ पुढे केली.

भुरी मागे सरली. कळप मागे सरला.

भाऊजी हसले. "हे बी रागावून राहिली का माह्यावर?"

त्यांची पाठ फिरल्यावर मी त्याच पोत्यातलं कुटार टोपलीत टाकलं. भुरीने चाटूनपुसून खाल्लं. त्यांच्यावरचा माझा सगळा राग तिथेच गेला. मायाने काकांना आजपासून रोज ताजी भाकर पाठवावी.

साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, असं वकील म्हणाले. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, असंही म्हणाले. मी तीन घेतले आहेत. का, ते ताराचंद भाऊजींना कोणी सांगू नये.

सही: पार्वतीबाई दादाजी नारनवरे

साक्षीदार:
१. ताराचंद नारनवरे, दीर
२. प्रेमिला सोमकुवर, अंगणवाडी सेविका
३. हर्षित ढोके, शेजारी

ठिकाण: सावळी खुर्द
दिनांक: ९ मार्च २०२५