दोराचं दुसरं टोक

६ ऑक्टोबर

पोचले एकदाची. पायांना फोड आलेत, पण मन हलकं आहे. वस्ती एका जुन्या शाळेत आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. फाटकातून आत आले तर समोर लांबलचक व्हरांडा, एका ओळीत वर्ग, भिंतींवर खडूचे पुसट डाग. मी कॉन्व्हेंटात शिकले आणि पुढे मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून केस पिकवले. जगाची एवढी पडझड झाली, तरी माझ्या वाट्याला घर म्हणून पुन्हा शाळाच यावी, याचं हसू आलं.

कारभारीणबाईंनी चहा दिला आणि कामाचं समजावलं. वस्तीचा सगळा कारभार त्या बघतात. शहरं ओस पडली तरी तिथल्या तळघरांत अजून औषधं, डबे, बॅटऱ्या पडून आहेत. ते आणायला वस्तीची दोन पथकं आहेत, एक उगवतीच्या फाटकाचं आणि एक मावळतीच्या. आठवड्यात जास्त माल आणेल त्या पथकाला शनिवारी आधी गरम पाणी, दुसऱ्याला उरलेलं कोमट. यावरून माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणे. उगवतीच्या प्रमुखाचे गुडघे गेले, त्याच्या जागी मी. पन्नाशी उलटलेल्या बाईला कुठे प्रमुख करताय, असं म्हटलं, तर म्हणाल्या, वसतिगृहभर मुली वठणीवर आणल्यात ना, मग या चार टग्यांचं काय घेऊन बसलात.

खोली छान आहे. खिडकीतून अंगण दिसतं. कपडे वाळत घालायला दोन खांबांना चांगला जाडजूड दोर बांधलाय, अंगठ्याएवढा. माझ्या दोन साड्या त्यावर अगदीच पोरक्या दिसतात.

८ ऑक्टोबर

कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. मी गरम पाण्यासाठी आलेली नाही. माझी धाकटी बहीण इथे होती, मावळतीच्या पथकात. दोन वर्षांपूर्वी निरोप आला, की कापडदुकानाच्या तळघरात दोर तुटला आणि खाली उतरलेली चौघंही तिथेच राहिली. बस, एवढंच.

आई गेल्यावर धाकटीला मीच वाढवली. वसतिगृहात आमच्या पलंगांच्या मध्ये दुसऱ्या मुलींचे पलंग, आणि दिवे गेल्यावर बोलायची बंदी. मग आम्ही पलंगांखालून सुतळी नेली होती. दोन हिसके आणि एक लांब ओढ, म्हणजे ताई, जागी आहेस का. मी एकदाच लांब ओढायचे, म्हणजे आहे गं, झोप. उत्तर मिळाल्याशिवाय ती कधी झोपली नाही. आणि उत्तर दिल्याशिवाय मीही नाही.

तो दोर ज्याने धरला होता, त्याला मला पाहायचंय. पाहून काय करीन, ते माझं मला ठाऊक आहे.

१२ ऑक्टोबर

पहिली फेरी नीट पार पडली. रीत अशी. खाली जाणाऱ्यांच्या कमरेला एकच दोर, त्याचं वरचं टोक प्रमुखाच्या कमरेला. प्रमुखाने जिन्याच्या तोंडाशी चांगल्या हवेत उभं राहायचं. तळघरातली हवा सडलेली असते, हाक मारायच्या आत माणूस कोसळतो, म्हणून सगळं बोलणं दोरावर. एक हिसका म्हणजे ठीक. तीन म्हणजे ओढा. सुरी फक्त प्रमुखाकडे. ती कशाला, असं मी माझ्या पथकातल्या पोस्टमनकाकांना विचारलं. ते पूर्वी खरोखरच पत्रं वाटायचे. खोकी उघडायला, म्हणाले आणि उगाच बुटांची नाडी बांधू लागले.

मावळतीचे प्रमुख आज समोरासमोर भेटले. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे लिफ्टवाले म्हणतात. औषधांच्या गोदामाशी दोन्ही पथकं एकदम पोचली. सगळ्यांदेखत म्हणाले, मेट्रनबाई, मुलींची प्रार्थना आटोपली असेल तर आम्हाला आत जाऊ द्या. मी म्हटलं, तुमची लिफ्ट अडकलेली दिसते, आज जिन्याने या. माणसं हसली. ते सगळ्यांच्या नंतर हसले, पण बराच वेळ हसले.

मी नव्हते हसत. दोन वर्षांपूर्वीही तेच प्रमुख होते.

२० ऑक्टोबर

आठवडाभर त्या माणसाचा द्वेष करायचा मनापासून प्रयत्न केला. पण पोस्टमनकाका सांगतात, दोर लोखंडी काठावर घासून तुटला. लिफ्टवाले स्वतः जिन्यावरून फरफटत गेले होते. कमरेभोवती वळ अजून आहे. महिनाभर तापाने पडून होते, कुणी जेवण नेलं की म्हणायचे, आधी त्यांना वाढा.

असं ऐकल्यावर बाईमाणसाने काय करायचं?

शनिवारी आम्ही हरलो. कोमट पाण्याची तयारी ठेवून बसले होते, तर दारावर हलकेच एक थाप पडली. उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्याशी वाफाळणारी बादली, वर ताट झाकलेलं.

२६ ऑक्टोबर

या शनिवारी आम्ही जिंकलो. मी लिफ्टवाल्यांच्या दाराशी बादली ठेवली. आमच्या पथकातल्या कुरळीने पाहिलं असावं, कारण संध्याकाळी जेवणघरात तिने विचारलं, मेट्रनबाई, शत्रूला आंघोळ घालायची नवी रीत का? मी तिला दोन वेळची भांडी घासायला लावली.

ते माझ्या खोलीची कडी बसवून गेले. बोलता बोलता त्यांना अंगणात चला म्हटलं, ऊन छान होतं. आले नाहीत. आता लक्षात येतंय, मावळतीचं कुणीच त्या दोरावर कपडे घालत नाही. सगळे कठड्यावर वाळवतात.

दुपारी चादरी घालत होते. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. दोर हातात असताना त्याला हिसका बसला. मग आणखी एक. मग एक लांब ओढ. पलीकडच्या खांबाशी कोण आहे म्हणून चादर बाजूला केली. कुणी नव्हतं.

वय झालं माझं. आठवणी हातात उतरायला लागल्या.

२ नोव्हेंबर

त्यांनी विचारलं. जेवणघराच्या मागे, मटार सोलता सोलता. दोन पथकं एक केली तर पाण्याचं भांडण मिटेल, म्हणाले, आणि दोघांना एक चूल पुरेल. या वयात पुरुष लाजला की आधी कान लाल होतात. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कसला करायचा होता? तो तिथेच झाला होता. धाकटी असती तर तिने मला चिमटे काढून काढून बेजार केलं असतं.

४ नोव्हेंबर

दोर सैल पडला होता, कपडे मातीला लागत होते. स्टूल घेतलं, पलीकडच्या खांबावरची गाठ सोडली. टोक हातात आलं.

मी जन्मभर मुलींचे फाटलेले परकर, तुटलेल्या नाड्या, विटलेले पडदे पाहिलेत. घासून तुटलेलं टोक केरसुणीसारखं असतं, एक पदर लांब, एक आखूड. हे टोक सपाट होतं. सगळे पदर एका पातळीत. आणि त्याच्या बोटभर वर आणखी एक घाव, अर्धाच गेलेला. सुरी आधी तिथे टेकवली, थोडी चालवली आणि थांबवली. मग खाली पुन्हा लावली.

म्हणजे त्याला विचार करायला वेळ मिळाला होता.

कुरळीला विचारलं, हा दोर कुठला. कापडदुकानातला, म्हणाली. कारभारीणबाईंना चांगला दोर फेकवला नाही.

सुरी फक्त प्रमुखाकडे असते.

५ नोव्हेंबर

धाकटी खालून तीनदा ओढत असेल. ओढा. ओढा. ओढा. आणि हा वर उभा राहून सुरी कुठे लावायची ते बघत होता. ज्या दोराच्या दुसऱ्या टोकाला ती होती, त्यावर मी त्याच्याशी लग्न करायच्या साड्या वाळवत होते.

रडू आलं नाही. बरं वाटलं. खूप दिवसांनी हातांना काम मिळाल्यासारखं.

९ नोव्हेंबर

होकार दिला. जेवणघरात, दोन्ही पथकांसमोर. आणि म्हटलं, मला एक भेट हवी. कापडदुकानाच्या तळघरात शिलाई मशिनं असतील, त्यातलं एक त्यांनी स्वतः आणून द्यावं. दोर मी धरीन.

सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. मग म्हणाले, बरं.

१२ नोव्हेंबर

झालं.

लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. भर सकाळ होती. दोघंच गेलो. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी आपल्या कमरेला दोर बांधला, मग माझ्या कमरेला, फार जपून, जसं एखाद्या मुलीला डगला घालावा. आपली सुरी काढून माझ्या हातात दिली. खाली जाणाऱ्याने न्यायची नसते ना, म्हणाले. आणि मग, अगदी हळू, की मी कोण ते पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. मी दोर धाकटीसारखाच धरते, अंगठा बाहेर ठेवून.

क्षमा मागितली नाही. मागितली असती तर मी कदाचित —

उतरले. एक हिसका आला. ठीक. आणखी थोडा दोर गेला. पुन्हा एक. मग दोर जड झाला. एका माणसाचं वजन मला कळतं. हे एका माणसाचं नव्हतं. मी जिन्याकडे ओढली जाऊ लागले, टाचा घासत. तीन हिसके आले. ओढा. मग पुन्हा तीन.

मी सुरी लावली. हात थांबला. थोडा थांबला.

मग पुन्हा लावली.

१३ नोव्हेंबर

सगळ्यांना सांगितलं, दोर लोखंडी काठावर तुटला. वाक्य तोंडातून किती सहज आलं. कारभारीणबाईंनी मला कुशीत घेतलं. कमरेभोवती वळ उठलाय.

धाकटे, तुझं काम केलं गं. आता झोप.

१५ नोव्हेंबर

कारभारीणबाईंनी माझ्या कमरेचा उरलेला तुकडा अंगणातल्या दोराला जोडून घेतला. चांगला दोर वाया कशाला घालवायचा, म्हणाल्या. आता कपड्यांना जास्त जागा.

गाठीजवळ जाऊन पाहिलं. माझ्या टोकालाही बोटभर वर अर्धा घाव आहे. तसाच.

१६ नोव्हेंबर

शनिवार. दारावर एक थाप. हलकेच.

उघडलं नाही आधी. मग उघडलं. उंबऱ्याशी बादली, वर ताट. पाणी बर्फासारखं गार, आणि वास — तळघराचा. कुरळीला विचारलं. म्हणाली, तिने काही ठेवलं नाही. आणि आपले कपडे ती आता कठड्यावर घालते, तो दोर सारखा हलतो म्हणून.

१८ नोव्हेंबर

हिसके. दुपारी. हात लावला की कळतं, एकेकाचा हात वेगळा. चार हात आधीचे. पाचवा संथ. तो मी ओळखते.

पोस्टमनकाका म्हणतात, मी दोराशी तासन्‌तास उभी असते. मला वाटलं, आत्ताच तर आले होते.

१९ नोव्हेंबर

खांबावरची गाठ सुटली आहे. कुणी सोडली नाही. सैल टोक अंगणात पडलेलं. सकाळी खांबाशी. जेवणाच्या वेळी पायरीशी.

निघून जाईन. पिशवी भरली. फाटकापर्यंत गेले आणि कमरेला — वळ आहे तिथे — ओढ बसली. परत आले.

२० नोव्हेंबर

मी कुणासाठी केलं हे? तिला कुणी केलं ते कळत नाही. वर सुरी होती आणि कुणीतरी ती चालवली, एवढंच तिला खालून —

२१ नोव्हेंबर

लख्ख ऊन आहे. दार बंद. त्यांनीच बसवलेली कडी घातली आहे.

टोक दाराखालून आत आलंय. सपाट. ओलं. फरशीवरून पलंगापर्यंत, पलंगाखालून — जशी आमची सुतळी जायची.

धरलं नाही. डावा हात मांडीखाली घेऊन बसले आहे. एका हाताने लिहि —

दोन हिसके. एक लांब ओढ.

जागी आहेस का, विचारते आहे.

पुन्हा.

तिला उत्तर दिल्याशिवाय मी कधी — लहान आहे ती, घाबरते अंधारात. एकदाच ओढायचं. आहे गं. झोप. एवढंच तर —

अंगठा बाहेर ठेवून धर