तळघरातली चार मशिनं

सोमवार, ता. ४

पोचले एकदाची. कंपनीनं माझ्या एकटीवर सोपवलेलं हे पहिलंच काम. विद्यापीठाच्या ग्रंथालयातली सहा जुनी झेरॉक्स मशिनं काढायची आणि चार नवी बसवायची. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन, सगळं एकाच पोटात. ताईला फोनवर ऐटीत सांगितलं, तर म्हणाली, घरचा मिक्सर तेवढा तुझ्याच्यानं दुरुस्त होत नाही.

झेरॉक्स विभाग तळघरात आहे. लांबट खोली, टोनरचा गरम वास, फोनला रेंज नाही. इथं बावीस वर्षं एकच माणूस काम करतोय, त्यांना सगळे काका म्हणतात. मला धाकधूक होती, की आपली जुनी मशिनं जाणार म्हणून ते तोंड फिरवतील. उलट त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि एकेका मशीनची खोड सांगितली. हे कागद तिरका ओढतं, त्याला सकाळी दोन थापा लागतात, ते कोपऱ्यातलं परीक्षेच्या दिवसांतच रुसतं. हसून हसून पुरेवाट.

पलीकडच्या खोलीत बाइंडर बसतो, जुन्या पुस्तकांच्या पाठी शिवतो. नमस्कार केला तर मान वर न करता हं म्हणाला. त्याची खोली आता स्कॅनिंगला जाणार, असं ग्रंथपालबाईंनी सांगितलं. तीस वर्षं तो त्याच खोलीत बसतोय.

बुधवार, ता. ६

काल पहिलं नवं मशीन लावलं. आज सकाळी येऊन बघते तर काचेचा चुरा, झाकण उखडलेलं, आतले रोलर ठेचलेले. कुणीतरी राग जाईपर्यंत घाव घातले होते.

तळघराच्या किल्ल्या काका, बाइंडर आणि बाई, तिघांकडेच. बाईंनी मला विचारलं, कुणावर संशय आहे का. मी माहीत नाही म्हटलं. पण बघितलं काकांकडेच. ते बाईंच्याही लक्षात आलं.

शुक्रवार, ता. ८



दुसरं मशीन उतरवताना जिन्यावरची लोखंडी घसरपट्टी सुटली. दोनशे किलोचं धूड खालच्या हमालाच्या पायावर आलं. हाड मोडल्याचा आवाज वरच्या वाचनकक्षापर्यंत गेला. आम्ही पाचजण मशीन उचलत होतो आणि तो आईला हाका मारत होता. नडगीचं हाड कातडीतून बाहेर आलेलं. डॉक्टर म्हणाले, पाय राहणार नाही.

पट्टीचे बोल्ट कुणीतरी काढलेले. पट्टी परत बसवायला मी पाना शोधत होते, तर बाइंडर म्हणाला, काकांच्या खणात बघा. खणात पान्याशेजारी ते चारही बोल्ट होते.

मी बाईंना सांगितलं. गार्ड आले. काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पोरी, मला मशीन दुरुस्त करता येतं. मोडायला मी शिकलोच नाही."

मी मान खाली घातली.

शनिवार, ता. ९

गार्डांनी काकांना केबिनमध्ये कोंडून मारलं. त्यांतला एक जण हमालाचा भाऊ. पुढचे दात गेले, कानातून रक्त. स्ट्रेचर माझ्या समोरून नेलं. एक डोळा उघडा होता. मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

ताईला फोन केला. ती म्हणाली, तू खरं तेच सांगितलंस ना. हो म्हटलं.

सोमवार, ता. ११

ग्रंथपालबाई गेल्या.

तिसरं मशीन चालू करून बघायला त्यांनी हात ठेवला आणि हात सुटेचना. मी लाकडी स्टुलानं ढकललं. उशीर झाला होता. तळहात जळलेला, दातांत जीभ.

प्लगमधली अर्थिंगची वायर तोडून तिच्या जागी करंट जोडलेला. मी शनिवारी दुपारी तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. आणि काका तेव्हापासून हॉस्पिटलात, बेशुद्ध.

वायरवरचं प्लास्टिक एकाच चिरेनं उतरवलेलं, पुस्तकाची कड कापावी तसं.

खणात बघा, असं मला त्यानंच सांगितलं होतं.

मंगळवार, ता. १२

पोलिसांना सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर म्हणाले, उद्या अकराला येतो, वायर दाखवा.

तिथून हॉस्पिटल. काका पहाटेच गेले. रिकाम्या खाटेशी बाइंडर बसला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. अगदी हळू बोलला, हवापाण्याचं बोलावं तसं.

"बोल्ट मी ठेवले. नाव तुम्ही घेतलंत."

मग म्हणाला, आता माझी खोली कोण घेतो बघू. बाहेर येऊन इन्स्पेक्टरांना फोन केला, ते म्हणाले, उद्या अकराला आलो की बघतो.

बुधवार, ता. १३

साडेदहा. खोलीवर एकटीला बसवेना म्हणून लवकर आले. वायर जागेवर आहे का बघायला गार्डला सोबत घेऊन तळघरात उतरले. गार्ड पुढे होता. बाइंडर दाराआडून आला — एकच वार, गळ्यावर. गार्डनं दोन्ही हातांनी गळा धरला — बोटांमधून रक्त —

मी कागदाच्या कोठारात. कडी लावलीय. रिमांचे गठ्ठे दाराला लावलेत. रेंज नाही. ओरडले, वर कुणाला ऐकू जात नाही. बाईंच्या दुखवट्याची सुट्टी आहे.

दहा पस्तीस. तो बोलतोय. मॅडम, दार उघडा म्हणतो. ओरडत नाही. त्याचीच मला जास्त —

बिजागरी काढतोय. वरची निघाली.

अकराला पोलीस येतील. ही वही मी गठ्ठ्यांमागे सरकवतेय. ज्याला मिळेल त्यानं काकांच्या घरी जावं. त्यांच्या बायकोला सांगावं, त्यांनी काही केलं नाही, बोल्ट त्यांचे नव्हते, मी न विचारता त्यांचं नाव — माझी चूक — आणि हमालाच्या भावालाही सांगा की

दुसरी निघाली. ताईला म्हणावं मी