रिसीव्हरची तक्रार

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझं काम काढलंय. लेकीनं दिलेला हँडहेल्ड, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, दोन वर्षं कपाटात लोळतोय. त्यात उपग्रहावरून रस्ता दाखवणारं सॉफ्टवेअर घालता येतं म्हणे. दुकानात गेलो तर चार तऱ्हेची सॉफ्टवेअर आणि उपग्रहाचे संकेत पकडणारे तीन तऱ्हेचे रिसीव्हर पुढ्यात मांडले. माझं डोकं गरगरलं. तू जमिनी मोजणारी, उपग्रहांशी तुझी रोजची ऊठबस. कोणतं घेऊ ते सांग.

आवाज मोठा हवा. प्रत्येक घराच्या खुणेपुढे चार ओळी लिहिता आल्या पाहिजेत. आणि गोदामातून आपल्या घरी यायचा रस्ताही त्यानं सांगावा. शहर फार वाढलंय गं, नव्या गल्ल्यांत ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवताना शोधाशोध होते. हसू नकोस. तुझ्या घरी मी आजही डोळे मिटून येईन.

तुझ्या वहिनीला यातलं काही बोलू नकोस. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खुर्चीतून पडायची बाकी होते. सव्वीस वर्षं नकाशाला नावं ठेवणारा माणूस यंत्राला रस्ता विचारणार!

आता कामाचं. ज्यात अख्ख्या शहराचा नकाशा मेमरी कार्डावर बसतो तेच सॉफ्टवेअर घे. तुकड्यातुकड्यानं नकाशा भरणारं ऐन वळणावर मुकं होतं. तुझ्या चार ओळींची सोयही त्यात आहे. हँडहेल्डमध्ये खोचायचा रिसीव्हर नको, तो बॅटरी खातो. सुटा, बिनतारी घे आणि गाडीत पुढच्या काचेपाशी ठेव. सुरू केल्यावर त्याला उपग्रह सापडेपर्यंत गाडी हलवू नकोस. तुला तेवढा धीर नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. आधी पाठ असलेल्या रस्त्यावर चालवून बघ.

एक विचारू? घरी यायचा रस्ता कशाला हवाय तुला?

वहिनीपासून लपवाछपवी मला आवडलेली नाही. तिला नमस्कार, तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझा रिसीव्हर खोटारडा निघाला. मंगळवारी मास्तरीणबाईंकडे सिलिंडर न्यायचा होता. नऊ वर्षं त्यांच्या घरी जातोय मी. यंत्र सारखं मागे वळा, मागे वळा म्हणत बसलं आणि मला पन्नास मिनिटं उशीर झाला. पोचलो तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. सून दारातच रडत होती. नळी मला जोडता येईना, शेवटी तिनंच लावली. बाई वाचल्या. पण सून म्हणाली, अजून दहा मिनिटं गेली असती तर आई हाती लागल्या नसत्या. तिनं तक्रार केलेली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं.

सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. हँडहेल्ड, रिसीव्हर, कार्ड, सगळं पाठवतोय. नीट तपास आणि काय असेल ते स्पष्ट लिही. मला राग यायचा नाही.

तुझ्या लोभाची आज जरा जास्तच गरज असलेला,
दादा

दि. १५ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस तपासलं. ऑफिसच्या यंत्राशेजारी, नेमकी जागा ठाऊक असलेल्या मोजणीच्या दगडावर ठेवून पाहिलं. फरक जेमतेम चार मीटरचा. दादा, रिसीव्हर चांगला आहे.

गाडी कुठून कुठे गेली त्याची रेघ हे सॉफ्टवेअर कार्डावर राखून ठेवतं. मंगळवारची रेघ मी कागदावर काढली. पाण्याच्या टाकीच्या चौकाला तू सात फेऱ्या मारल्यास. डावीकडचं वळण चुकलं, की यंत्र तुला मागे बोलवत होतं आणि तू सरळ जात होतास. मग एकोणीस मिनिटं गाडी आपल्या जुन्या शाळेच्या फाटकासमोर उभी होती. तिथे काय करत होतास? आधीच्या आठवड्यांतही अशाच रेघा आहेत. त्या बघून मी ऑफिसातच रडले.

उद्यापासून गाडी चालवायची नाही. वहिनीला आजच सांग आणि तिला घेऊन डॉक्टरकडे जा. सोमवारपर्यंत तू किल्ली दिली नाहीस, तर मी तुझ्या साहेबांना फोन करीन. तू आयुष्यभर माझ्याशी बोलला नाहीस तरी करीन. तुझ्या गाडीची वाट बघत माणसं श्वास धरून बसलेली असतात.

यंत्र परत पाठवतेय. रागाव, पण माया तोडू नकोस.

तुझी,
धाकटी

दि. २६ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

सोमवारी किल्ली दिली. तुझं पत्र आलं तेव्हा दोन दिवस तुझा भयंकर राग आला. मग तो गेला. कार्डावर रेघ राहते हे दुकानदारानं मला सांगितलं होतं. खरं काय ते मला स्वतः लिहवेना, म्हणून रिसीव्हरवर आळ घेतला आणि सगळं तुझ्याकडे धाडलं.

शाळेपाशी मी काहीच करत नव्हतो. आसपासचं तेवढंच ओळखीचं दिसत होतं.

तुझ्या वहिनीला सगळं ठाऊक होतं. महिनाभर ती रोज संध्याकाळी कोपऱ्यावर येऊन उभी राहायची, भाजी घ्यायला म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि फार आशा दाखवलेली नाही.

साहेबांनी मला गोदामात ठेवून घेतलंय. सकाळी नव्या ड्रायव्हरबाईंशेजारी बसतो. घरोघरच्या खुणा त्या घालतात, खालच्या ओळी मी सांगतो. मास्तरीणबाईंकडे बेल वाजवू नये, उजवी खिडकी ठोठावावी, सिलिंडर पलंगाच्या डाव्या अंगाला ठेवावा. अशी एकेचाळीस घरं झाली. घरांच्या आतलं सगळं आठवतं गं. तिथवर जायचे रस्तेच गेलेत.

रविवारी यंत्र घरी आणणार आहे. तेव्हा तू ये आणि तुझ्या घराची खूण तेवढी तूच घाल. काल मी घालायला बसलो होतो, पण नकाशावर तुझी गल्ली सापडली नाही.

लोभ आहेच, मी विसरलो तरी तू धरून ठेव.

तुझा,
दादा